पोटमाळ्यावरचे साचे

झेनिथ कंपनीचं 'क्रोनोमास्टर स्पोर्ट' नावाचं एक घड्याळ आहे. २०२१ साली आलं तेव्हा स्टीलच्या पट्ट्यासकट त्याची किंमत होती दहा हजार डॉलर. आजच्या भावाने आठ-नऊ लाख रुपये होतात, ड्युटी वेगळी. एवढे पैसे मोजून जे मिळतं ते दिवसाला काही सेकंद मागेपुढे होतं. स्टेशनबाहेर तीनशे रुपयांना मिळणारं सेलवरचं घड्याळ त्याच्यापेक्षा अचूक चालतं. हे मी सुरुवातीलाच कबूल करून टाकतो, म्हणजे निदान त्या वादातून सुटका होईल. अचूक वेळ पाहिजे असेल तर खिशातला मोबाईल बघा. मला ज्याबद्दल लिहायचंय ते निराळंच आहे.

हे घड्याळ मी मुंबईतल्या एका दुकानात हातात घालून बघितलंय. (घालून बघायला पैसे पडत नाहीत. दुकानदाराला आपल्या बुटांकडे बघून सगळं कळतं, पण तो बोलून दाखवत नाही.) वरचं बटण दाबलं की मधला लांब काटा सुटतो आणि बरोब्बर दहा सेकंदांत एक पूर्ण चक्कर मारतो. साठ नव्हे, दहा! आपले डोळे आयुष्यभर सेकंदकाट्याची संथ चाल बघत आलेले असतात, त्यामुळे पहिल्यांदा बघताना वाटतं की आत काहीतरी तुटलं आणि काटा सैरावैरा पळायला लागला. मग लक्षात येतं की तो एका सेकंदाला दहा बारीक पावलं टाकतोय. कडेच्या काळ्या सिरॅमिक रिंगवर सेकंदाच्या दहाव्या भागाच्या खुणा आहेत. काटा थांबवायचा आणि वाचायचं, ४.७ सेकंद. आत बॅटरी नाही, चिप नाही, काही नाही. गुंडाळलेली एक स्प्रिंग आणि बरीचशी चाकं.

हे कसं होतं ते थोडं सांगतो. ज्यांना दातेरी चाकांचा कंटाळा आहे त्यांनी दोन परिच्छेद सोडून पुढे गेलं तरी चालेल.

प्रत्येक यांत्रिक घड्याळात एक बॅलन्स व्हील असतं, केसासारख्या बारीक स्प्रिंगवर मागेपुढे झोके घेणारं. आपल्या भाषेत सांगायचं तर तो सिस्टिम क्लॉक. तो एकदा इकडून तिकडे गेला की एक टिक. आपल्या वडिलांच्या पिढीकडे चावी द्यायची जी एचएमटी जनता होती, ती तासाला १८,००० टिक करायची, म्हणजे सेकंदाला पाच. आजची बरीचशी चांगली स्विस घड्याळं तासाला २८,८०० करतात, सेकंदाला आठ. आता आठ हा आकडा काटा गुळगुळीत फिरवायला छान आहे, पण मोजमापाला गैरसोयीचा. सेकंदाचा आठवा भाग म्हणजे ०.१२५. शर्यतीची वेळ कोणी अशी सांगतं का? दशांशात वेळ पाहिजे तर सेकंदाला दहा टिक पाहिजेत, तासाला ३६,०००. हा एक आकडा धरून ज्यांनी अख्खं यंत्र उभं केलं ते झेनिथवाले. यंत्राचं नाव 'एल प्रिमेरो', स्पॅनिशमध्ये 'पहिला'. आणि क्लॉक स्पीड वाढवला की काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. पॉवर जास्त लागते, झीज जास्त होते. इथे तर आणखी एक गंमत होती. टिक-टिक ज्या चाकामुळे होते त्यावरचं तेल एवढ्या वेगात चक्क उडून जायचं. म्हणून तिथे त्यांनी कोरडं वंगण वापरलं, मॉलिब्डेनम डायसल्फाइड. हीटसिंक आणि थर्मल पेस्टच्या भानगडीत पडलेल्या कुठल्याही माणसाला हे वाचून बरं वाटेल.

बटणांची व्यवस्था तर त्याहून भारी. आत एक छोटं चाक असतं, त्यावर किल्ल्याच्या बुरुजासारखे खांब असतात. बटण दाबलं की हे चाक एक घर पुढे सरकतं आणि आजूबाजूचे दांडे एकतर खांबावर चढतात किंवा दोन खांबांमधल्या खाचेत पडतात. चालू, बंद, परत चालू. शुद्ध स्टेट मशीन, पोलादात कोरलेली. आणि काटा शून्यावर परत आणण्यासाठी बदामाच्या आकाराचा एक कॅम. काटा कुठेही असो, एक हातोडी त्या बदामाच्या कडेवर येऊन आदळते आणि बदाम घसरत घसरत स्वतःच्या खोलगट भागापाशी येऊन थांबतो. म्हणजेच शून्यावर. लूप नाही, मोजणी नाही, 'आत्ता कुठे आहोत' हे विचारायची गरजच नाही. अडोल्फ निकोल नावाच्या माणसाने १८४४ साली याचं पेटंट घेतलं होतं. एवढं स्वच्छ रीसेट फंक्शन मी आजवर लिहिलेलं नाही.

असो. तर गोष्ट १९६९ सालची.

मनगटावरच्या घड्याळात स्टॉपवॉच म्हणजे क्रोनोग्राफ बरीच वर्षं होता. हाताच्या हालचालीने आपोआप चावी भरणारी ऑटोमॅटिक घड्याळंही होती. दोन्ही एकत्र मात्र कोणाला जमलं नव्हतं, कारण जागाच पुरत नव्हती. झेनिथने १९६२ साली काम सुरू केलं. १८६५ साली जॉर्ज फाव्ह्र-जाको या तरुणाने ल लोक्ल या गावात काढलेली ही कंपनी. १९६५ साली शंभर वर्षं पूर्ण होतील तेव्हा यंत्र बाजारात आणायचं असा बेत होता. आलं १० जानेवारी १९६९ ला. प्रोजेक्ट चार वर्षं लेट! माझ्यासारख्याला हे वाचून केवढा धीर येतो. त्याच वर्षी ३ मार्चला होयर, ब्राइटलिंग, हॅमिल्टन-ब्यूरेन आणि दुब्वा-देप्राझ यांच्या आघाडीने आपलं यंत्र जाहीर केलं, आणि मे महिन्यात जपानमध्ये सेइकोचं ६१३९ विक्रीला आलं. पहिलं कोण यावर शौकीन लोक अजून भांडतात. कोण कशाला 'पहिलं' म्हणतो त्यावर उत्तर बदलतं. आघाडीवाल्यांनी तयार घड्याळावर क्रोनोग्राफचा वेगळा थर चढवला होता, प्लगइनसारखा. झेनिथचं सगळं एकाच आराखड्यात, एकजीव, आणि जाडी फक्त साडेसहा मिलिमीटर. शिवाय ३६,००० चा वेग इतर दोघांकडे नव्हताच. माझं मत तुम्ही ओळखलं असेलच.

पण १९६९ हे साल मोठं दुष्ट निघालं. जानेवारीत एल प्रिमेरो आला आणि डिसेंबरच्या २५ तारखेला सेइकोने 'अ‍ॅस्ट्रॉन' आणलं, जगातलं पहिलं विक्रीसाठीचं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ. किंमत साडेचार लाख येन, तेव्हाच्या जपानमध्ये एका छोट्या मोटारीएवढी. म्हणजे सुरुवातीला ते गरिबाचं घड्याळ अजिबात नव्हतं. पण ते इलेक्ट्रॉनिक्स होतं, आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या किमतीचं पुढे काय होतं ते आपण सगळे रोज बघतो. आजच्या साध्या घड्याळातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. हा आकडा बघून ज्याच्या डोक्यात 'दोनचा पंधरावा घात' असं आलं नाही त्याने आपली डिग्री परत करावी :) पंधरा वेळा निम्मं करा, बरोबर एक सेकंद. बॅलन्स व्हीलचे सेकंदाला दहा टिक कुठे आणि हे कुठे!

स्वित्झर्लंडच्या घड्याळ उद्योगात १९७० साली नव्वद हजारांच्या आसपास माणसं कामाला होती. १९८४ पर्यंत तीस हजारांच्या थोडीशी वर उरली. त्यात फ्रँक महागल्यामुळे बाहेर माल खपेना. ल लोक्लसारख्या डोंगरातल्या गावात घड्याळाखेरीज दुसरं कामच नव्हतं. आपल्याकडच्या गिरणगावाची आठवण येते.

झेनिथ १९७१ साली शिकागोच्या एका अमेरिकन कंपनीने विकत घेतली होती. तिचं नावही झेनिथच, झेनिथ रेडिओ कॉर्पोरेशन. रेडिओ आणि टीव्ही बनवणारी माणसं. त्यांच्या दृष्टीने भविष्य इलेक्ट्रॉनिक्समध्ये होतं, आणि हिशोब बघितला तर ते चूक नव्हते. १९७५ साली वरून फर्मान आलं: यांत्रिक घड्याळं बंद, यापुढे फक्त क्वार्ट्झ. यंत्रं, साचे, हत्यारं सगळं भंगारात काढा. वजनावर विका.

क्रोनोग्राफ विभागात शार्ल वेर्मो नावाचा एक फोरमन होता. मोठा अधिकारी नाही, शेअरहोल्डर नाही. कारखान्यात वर्षानुवर्षं काम केलेला, हाताला त्या यंत्राची सवय असलेला माणूस. त्याने आधी जे करायला पाहिजे ते केलं. वरिष्ठांना पत्र लिहिलं, की यांत्रिक घड्याळ कायमचं जाईल असं मला वाटत नाही, हे सगळं मोडीत काढू नका. पत्राचा काहीही उपयोग झाला नाही. मग त्याने कारखान्यातलेच साचे, कॅम, कापायची हत्यारं हळूहळू उचलून पोटमाळ्यावर न्यायला सुरुवात केली. शंभराहून जास्त साचे. साचा म्हणजे बर्फीचा साचा नव्हे मंडळी, प्रेसमध्ये बसणारा पोलादी डाय, एकेक उचलताना कंबर धरेल असा. बरं, नुसतं नेऊन टाकलं नाही. प्रत्येकावर खूण केली, काय कशासाठी आणि कोणत्या क्रमाने वापरायचं त्याच्या नोंदी लिहून ठेवल्या. आणि गप्प बसला.

आता मी हे सगळं का लिहितोय त्या मुद्द्यावर येतो. ही गोष्ट सांगताना लोक नेहमी म्हणतात की वेर्मोने 'एल प्रिमेरो वाचवला'. मला त्यात एक बारीक गोष्ट दिसते आणि ती आपल्या धंद्याची आहे. घड्याळं तर वाचलेलीच होती! हजारो एल प्रिमेरो लोकांच्या मनगटावर होते. कोणीही एक विकत घेऊन, उघडून, प्रत्येक भाग मोजू शकला असता. ड्रॉइंग काढणं अशक्य नव्हतं. जवळपास पावणेतीनशे भागांचं ते यंत्र 'काय आहे' हे सगळ्यांना माहीत होतं. ते 'कसं बनवायचं' हे साच्यांमध्ये होतं. मायक्रॉनमध्ये मापं असलेला एक दांडा पत्र्यातून ठोकून काढायचा, तर डायला कुठे किती सूट द्यायची, आधी काय कापायचं, मग काय घासायचं, हे ड्रॉइंग सांगत नाही. ते वर्षानुवर्षांच्या खटपटीतून साच्यात उतरलेलं असतं. नव्याने ते साचे घडवायचे म्हणजे कित्येक लाख फ्रँक आणि कित्येक वर्षं, आणि त्या मंदीत तेवढे पैसे घालणारा कोणी भेटला नसता.

आपल्या भाषेत, वेर्मोने सोर्स कोड वाचवला नाही. टूलचेन वाचवली. आणि वर रीडमी लिहून ठेवली.

झेनिथचं नशीब १९७८ साली फिरलं. ल लोक्लच्याच डिक्सी या मशीन टूल्सच्या कंपनीने ती विकत घेतली, म्हणजे घड्याळ गावाकडे परत आलं. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला एबेल कंपनीने उरलेसुरले तयार एल प्रिमेरो घेऊन आपल्या घड्याळांत बसवायला सुरुवात केली. यांत्रिक क्रोनोग्राफला परत गिऱ्हाईक आहे हे दिसलं. पण साठा संपला की पुढे काय? तेव्हा पोटमाळ्याचं दार उघडलं. १९८४ साली उत्पादन परत सुरू झालं.

आणि मग आलं रोलेक्स. त्यांचं 'डेटोना' हे शर्यतीचं घड्याळ १९६३ पासूनचं, पण तोवर हाताने चावी द्यायचं. (पॉल न्यूमनचं स्वतःचं डेटोना २०१७ साली लिलावात पावणेदोन कोटी डॉलरच्या वर गेलं, ते याच जुन्या जातीचं. त्याचा झेनिथशी संबंध नाही.) त्यांना ऑटोमॅटिक डेटोना काढायचं होतं, आणि पायाला यंत्र निवडलं ते एल प्रिमेरो. १९८८ साली ते घड्याळ आलं आणि दुकानांबाहेर वेटिंग लिस्ट लागल्या. पण गंमत बघा, रोलेक्सने त्यात कायकाय बदललं! तारीख काढून टाकली. बॅलन्स व्हील आपलं बसवलं. आणि ज्या ३६,००० साठी झेनिथने एवढा जीव काढला होता तो वेग उतरवून २८,८०० केला. सर्व्हिसिंगशिवाय जास्त काळ टिकावं म्हणून. थोडक्यात, जगातलं सगळ्यात वेगवान क्रोनोग्राफ यंत्र विकत घेऊन अंडरक्लॉक केलं. मला आधी याचा राग आला होता. मग वाटलं, प्रॉडक्शन सपोर्ट करणाऱ्या कुठल्याही माणसाने हेच केलं असतं. बेंचमार्क मार्केटिंगवाल्यांसाठी असतो, रात्री तीनला फोन आपल्याला येतो. पुढे २००० साली रोलेक्सने स्वतःचं ४१३० यंत्र काढलं आणि ही सोयरीक संपली. तोवर झेनिथ आपल्या पायावर उभी राहिली होती. १९९९ साली एलव्हीएमएच या बड्या फ्रेंच समूहाने ती घेतली. सुरुवातीला सांगितलेल्या क्रोनोमास्टर स्पोर्टमध्ये जे यंत्र आहे, एल प्रिमेरो ३६००, ते त्याच घराण्यातलं. तो पोटमाळा आता पाहुण्यांना दाखवतात. ब्रँडच्या जाहिरातीत वेर्मोचं नाव येतं. जाहिरातवाल्यांना फुकटात याहून चांगली कथा मिळाली नसती.

आमच्या हापिसात जेवताना मी ही गोष्ट सांगितली तर समोरची टेस्टर मैत्रीण (तिचं कामच खोड काढायचं) म्हणाली, "अरे पण हा माणूस आज असता तर एचआरने दुपारपर्यंत त्याला गेटबाहेर काढला असता. कंपनीने सांगितलं डिलीट करा, आणि हा कॉपी करून ठेवतो. आपल्या ट्रेनिंगमध्ये याला काय म्हणतात? डेटा चोरी."

मुद्दा बिनतोड होता आणि मी दोन दिवस त्यावर विचार करत होतो. माझं उत्तर असं आहे. वेर्मोने एकही साचा घरी नेला नाही. विकला नाही. प्रतिस्पर्ध्याला दाखवला नाही. कारखान्याचा माल कारखान्याच्याच छपराखाली राहिला, फक्त एक जिना वर. त्याने मोडली ती आज्ञा, मालकी नव्हे. पेन ड्राइव्हवर कोड घालून घरी नेणारा आणि वेर्मो यांच्यात मला हा फरक दिसतो. पण मैत्रिणीचा दुसरा मुद्दा जास्त बोचरा होता. ती म्हणाली, "जगात अशा किती पोटमाळ्यांवर किती लोकांनी काय काय लपवून ठेवलं असेल, जे परत कोणी मागितलंच नाही! त्यांच्यावर कोण लिहितं?" खरं आहे. याला आपल्यात सर्व्हायव्हरशिप बायस म्हणतात आणि मी त्याच्याकडे डोळेझाक करणार नाही. एबेल आणि रोलेक्स आले नसते तर वेर्मो हा भंगार साठवणारा एक हट्टी म्हातारा ठरला असता. आपल्याकडे एचएमटीचं बघा. १९६१ साली सिटिझनच्या सहकार्याने बंगलोरला सुरू झालेला कारखाना, लग्नात जावयाला द्यायची घड्याळं, आणि जानेवारी २०१६ मध्ये केंद्राने एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली. आज जनता बिघडली तर दुरुस्तीवाला दुसऱ्या मेलेल्या जनतेतून भाग काढून टाकतो. प्रेम भरपूर आहे हो लोकांचं, पण प्रेमातून गिअर निघत नाही.

तरीही मी वेर्मोच्या बाजूचा आहे, आणि याला सध्या एक तातडीचं कारण आहे.

आमची टीम गेले आठ महिने एका क्लायंटची जुनी सिस्टिम बंद करायच्या कामावर आहे. विम्याचे हप्ते आणि क्लेम यांचा हिशोब करणारं मेनफ्रेमवरचं कोबोल, माझ्या जन्माच्या आधीचं. नवीन सिस्टिम उभी राहिली, चालते, चांगली आहे. जुनी मोडीत जाणार हे योग्यच आहे, मला त्याबद्दल गळा काढायचा नाही. डिकमिशनच्या चेकलिस्टमध्ये एक ओळ आहे: 'सोर्स कोड आर्काइव्ह केला'. तिच्यापुढे हिरवी टिक आहे. सगळे खूश.

आमच्या टीममध्ये एक ज्येष्ठ गृहस्थ आहेत, सगळे त्यांना काका म्हणतात. रिटायरमेंटला काही महिने उरलेत. मी त्यांना सहज विचारलं, "काका, उद्या समजा कोणी कोर्टात गेलं आणि जुन्या पॉलिसीचा हिशोब तेव्हा असाच का झाला ते दाखवा म्हणाले, तर या आर्काइव्हमधून आपण ती सिस्टिम परत उभी करू शकतो का?" काका हसले. म्हणाले, "बाळा, कोणत्या कंपायलरने, कोणत्या ऑप्शन्सनी? आणि दोन मॉड्यूल अशी आहेत की प्रॉडक्शनमध्ये जे चालतंय आणि आर्काइव्हमध्ये जे ठेवलंय ते एक नाहीच." मग त्यांनी खणातून एक लाँगबुक काढलं. कव्हर फाटलेलं, सेलोटेप लावलेलं. आत प्रत्येक मॉड्यूल कसं बिल्ड करायचं, कोणतं कॉपीबुक कुठल्या लायब्ररीतून घ्यायचं, कुठल्या जॉबनंतर कुठला जॉब, मार्चअखेरीला काय वेगळं करायचं, हे सगळं तारखांसकट, निळ्या बॉलपेनने. काही पानांवर लाल शाईत शेरे. एका पानावर फक्त एवढंच: 'हे बदलू नये. विचारावे.' त्यांना विचारलं की काका, कोणाला विचारावे? तर म्हणाले, "ज्यांना विचारायचं ते २००९ ला गेले."

मी चेकलिस्टमध्ये एक नवीन ओळ घातली: 'बिल्ड एन्व्हायर्नमेंट आणि बिल्डच्या नोंदी जतन केल्या'. मॅनेजरने मीटिंगमध्ये विचारलं, "याचा खर्च कोण देणार? क्लायंटने मागितलंय का?" मागितलेलं नव्हतं. मॅनेजर वाईट माणूस नाही, त्याच्या एक्सेलमध्ये त्या ओळीला कॉलम नाही एवढंच. बराच वेळ चर्चा झाली. शेवटी ठरलं ते असं. कंपायलरसकट अख्ख्या एन्व्हायर्नमेंटची इमेज ठेवायची की नाही हे क्लायंट ठरवेल, त्यासाठी मी दोन पानी टिपण लिहून द्यायचं. ते मी मंगळवारी पाठवलं, अजून उत्तर नाही. काकांच्या वहीबद्दल मात्र क्लायंटकडून मेलवर लेखी होकार आलाय, की स्कॅन करून आर्काइव्हमध्येच ठेवा, त्यांच्याच सर्व्हरवर.

काकांना वही हातातून सोडवत नाही. म्हणाले, "स्कॅनरला नुसती देऊ नकोस, मी शेजारी बसतो. अर्धे शेरे तुला लागणारच नाहीत, मी सांगेन तसं खाली टाइप कर." तर या शनिवारी सकाळी दहाला हापिसात जायचंय. एकशे चौऱ्याऐंशी पानं आहेत. काकू डब्यात थालीपीठ देणार आहेत म्हणे.